कपाशीवरील लाल्या आणि आपली काळी जमीन

कार्तिक सरत आला म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वावरांतून जाणाऱ्यास एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. पंधरा दिवसांपूर्वी हिरवीगार असलेली पऱ्हाटी पानांच्या कडांपासून तांबडी होऊ लागते, व पाहता पाहता सारे शेत गेरूने माखल्यासारखे दिसू लागते. शेतकरी ह्यास ‘लाल्या’ म्हणतो. पाने गळतात, शेंड्याकडील बोंडे पोसली जात नाहीत, आणि दसऱ्यास बांधलेला पिकाचा अदमास पुरता चुकतो. मुलीचे लग्न, मुलाची फी आणि बँकेचे व सावकाराचे देणे ही सर्व जेथे बहुतांशी ह्या बोंडांवरच अवलंबून, आणि कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तेथे लाल्या म्हणजे काय हे समजून घेणे केवळ कुतूहलाचा विषय नव्हे.

नाव रोगाचे, म्हणून प्रथम विचारावयाचे ते रोगशास्त्रज्ञास. परंतु त्यास तांबड्या पानात कोणताही जंतू अथवा बुरशी ह्याच्या मुळाशी असलेली आढळत नाही. रसायनशास्त्रज्ञ पानांचे पृथक्करण करतो व सांगतो की, त्यांत नत्र फार खाली गेला आहे आणि मॅग्नेशियमही अपुरे आहे. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा घटक असल्यामुळे तो कमी पडला की हिरवा रंग टिकत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो, बोंडे भरू लागली म्हणजे ती पानांतील नत्र ओढून घेतात. त्यातच रात्री थंड पडू लागल्या की पानात तांबडे द्रव्य साठते. कीटकशास्त्रज्ञ पान उलटे करून रस शोषणारे तुडतुडे दाखवितो. चौघांचेही म्हणणे खरे आहे, पण एका प्रश्नाचे उत्तर चौघांच्याही उत्तरांत पुरते सापडत नाही. धुऱ्याच्या अलीकडचे वावर तांबडे होते आणि पलीकडचे, त्याच वाणाचे, त्याच दिवशी पेरलेले व त्याच पावसाने भिजलेले, पुढे कितीतरी दिवस हिरवे राहते, हे कसे?

येथे कुदळ घेऊन खड्डा खणणाऱ्या मृदाशास्त्रज्ञाकडे जावे लागते. नागपूर येथे मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाचा राष्ट्रीय ब्यूरो आहे. तेथील मंडळी माती वरून पाहून थांबत नाहीत; खड्ड्याच्या भिंतीतील थर मोजतात आणि क्ष-किरणांच्या साह्याने मातीचे सूक्ष्म कण ओळखतात. आपल्या जिल्ह्याचा बराच मोठा भाग सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा आहे. वणीकडे मात्र चुनखडक व दगडी कोळशाचे थर लागतात. ह्या पाषाणाची झीज होऊन जी चिकणमाती झाली ती पाण्याने उतारावरून वाहत खाली गेली. म्हणून वर्धा, पैनगंगा व बेंबळा ह्यांच्या खोऱ्यांत ती पुरुषभर खोल सापडते, आणि टेकड्यांच्या अंगावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. आपले शेतकरी भारी, मध्यम, हलकी, बरड असे भेद पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, ते बहुतांशी ह्या खोलीवरूनच.

काळेपणाविषयी येथे थोडे सांगावेसे वाटते, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. वासिली दोकुचायेव ह्या रशियन पंडिताने 1883 साली आपल्या देशातील काळ्या मातीवर ग्रंथ लिहून माती ही खडक, हवामान, सजीव, उतार व काळ ह्या सर्वांची मिळून झालेली निर्मिती आहे असे प्रतिपादन केले, आणि मृदाशास्त्र स्वतंत्र झाले. ती रशियन माती गवताच्या कुजण्याने काळी झाली आहे. आपली तशी नाही. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. काळी म्हणून ती सकस आहे असे समजून जो शेणखत देत नाही, तो रंगाला भुलतो.

तिचा खरा गुण निराळा आहे. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात व सुकल्यावर आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीटरभर खोल अशा जमिनीत पिकास घेता येईल असे पाणी साधारणपणे 150 ते 200 मिलिमीटरपर्यंत साठते. वीतभर बरडात त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. पेरणाऱ्याच्या दृष्टांतातील खडकाळ जागी पडलेल्या बियाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पाऊस आश्विनात संपतो, बोंडे कार्तिकात भरू लागतात. खोल वावरात मुळांस ओल मिळते व ओलीबरोबर अन्नद्रव्येही मिळतात. बरडावर दोन्ही एकदमच संपतात, आणि पान तांबडे होते. सखल वावरात अतिवृष्टीनंतर फुगलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडला तरी परिणाम तोच होतो.

मग पूर्वी हा उपद्रव इतका का नव्हता? 2002 साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली व थोड्याच वर्षांत सरळ वाण मागे पडून बहुतेक सर्व वावरे संकरित वाणांनी व्यापली. ह्यांतील पुष्कळ वाण सहा महिने व त्याहूनही अधिक काळ शेतात उभे राहतात आणि एकाच वेळी पुष्कळ बोंडे धरतात. खोल ओलिताच्या जमिनीस ते शोभते. बरडास ते झेपत नाही. दुसरीकडे, माघापर्यंत उभ्या राहिलेल्या ह्या पिकाने गुलाबी बोंडअळीस आयताच आसरा दिला. बीटीचे विष पचविण्यास शिकलेल्या त्या अळीने 2017 साली मोठा नाश केला. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली, हे अजून कोणी विसरलेले नाही.

मातीचा खड्डा खणणारा आणि अळीचे जीवनचक्र मोजणारा, हे दोघे निरनिराळ्या वाटांनी निघून एकाच ठिकाणी येतात, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. एक म्हणतो, ओल संपण्यापूर्वी बोंडे भरली पाहिजेत. दुसरा म्हणतो, अळी वाढण्यापूर्वी शेत रिकामे झाले पाहिजे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ह्याच धोरणाने हलक्या जमिनीत सुमारे पाच महिन्यांत निघणारे सरळ वाण दाट पेरण्याचे प्रयोग विदर्भात केले. एका झाडास बोंडे थोडी, परंतु झाडे पुष्कळ. त्यामुळे एकेका झाडावरील भार हलका होतो. अडचणी आहेतच. दाट पेरणीस बियाणे जास्त लागते, डवरणीस जागा अरुंद पडते, आणि कृषिकेंद्राच्या फळीवर संकरित बियाण्याची पाकिटे ओळीने मांडलेली असताना सरळ वाणाचे बी शोधावे लागते. सरळ वाणाचे बी घरी राखून पुढील वर्षी पेरता येते, हा त्याचा गुण विक्रेत्यास सोयीचा नाही, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

ज्यांच्या घरी शेती आहे अशा आमच्या वाचकांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वावराच्या वरच्या व खालच्या टोकास एकेक खड्डा खणून मुरूम किती हातांवर लागतो ते मोजावे, आणि ते दोन आकडे मृगापूर्वी, बियाणे आणण्यास निघण्याच्या आधी, वडिलांस दाखवावे.