चाकांवरील पत्र्याला प्लॅस्टिकचे अस्तर

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पोलादावर वाढलेल्या या शहरातही मोटारींच्या पत्र्याला गंज चुकलेला नाही. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तो चाकांवरील कमानींत सहज मूळ धरतो.

फिरते चाक पाणी, चिखल आणि खडी वर भिरकावते. खडीने रंग उडतो आणि कमानीच्या दुमडीत साचलेला चिखल उघड्या पत्र्यावरील ओल वाळू देत नाही. हा मारा अडविण्यासाठी आतून प्लॅस्टिकचे अस्तर, म्हणजेच फेंडर लायनर, बसविले जाते.

मात्र मळक्या पत्र्यावर अस्तर चढविणे म्हणजे गंज झाकून ठेवणे होय. गाडी सपाट जागी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, मगच चाक काढावे. कमान धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्यावी. जुलैमध्ये यासाठी संयमच हवा. गंज खरवडून गंजरोधक लेप द्यावा. अस्तर मूळ छिद्रांतच क्लिपांनी बसवावे, कारण पत्र्याला नवे छिद्र पाडल्यास त्याच्या उघड्या कडेपासून पुन्हा गंज सुरू होतो. खालची निचऱ्याची वाट बुजवू नये.

चाक लावून गाडी जमिनीवर आल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर अस्तराला घासत नाही ना, हे पाहावे. सैल अस्तर धावत्या चाकात अडकू शकते. पावसाळा संपताच खालच्या क्लिपा काढून आतील चिखल धुऊन टाकणे इष्ट.