चष्म्याचा नंबर येतो कुठून?

हैदराबादच्या सुलतान बाजार-कोठी भागात चष्मा करून घ्यायला लांब जावं लागत नाही. इथल्या मराठी घरांत आजीला सवय देवनागरीची, नातवाला तेलुगू आणि इंग्रजीची. त्यामुळे नजर तपासायचे अक्षरतक्तेही निरनिराळ्या लिप्यांतले लागतात. वाचता न येणाऱ्यांसाठी तक्त्यावर एका बाजूला उघडी असलेली वर्तुळं असतात. तक्ता कोणताही असो, त्याचं गणित एकच आहे आणि ते १८६२ साली डच डॉक्टर स्नेलेन यांनी घालून दिलं. ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. ते सहा मीटरवरून वाचता आलं, की नजर चांगली.

पण या तक्त्यावरून नजर किती आहे एवढंच कळतं. ती कमी का झाली, हे कळायला नंबर काढावा लागतो.

चष्म्याचा नंबर ज्या मापात लिहितात, त्या मापात डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातला दोन तृतीयांशांहून अधिक वाटा पुढच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा. डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. ती एका मिलिमीटरने वाढली, तर अडीच-तीन नंबरचा मायनस चष्मा लागतो, कारण प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. उणे दोन नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं, त्यापलीकडचं धूसर. सिलिंडरचा नंबर निराळ्या कारणाने येतो. कॉर्नियाचा बाक सगळ्या दिशांनी सारखा नसला, अंड्याच्या कुशीसारखा असला, की उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. हा दोष थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यात मोजला. पुढे १८२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी स्वतःच्या डोळ्यासाठी त्यावरचं भिंग करवून घेतलं. चिठ्ठीवरचा ॲक्सिसचा आकडा म्हणजे ते भिंग कोणत्या कोनात बसवायचं त्याची खूण.

आता बहुतेक ठिकाणी हनुवटी टेकवली, की यंत्र काही सेकंदांत नंबर छापून देतं. ती छापील पट्टी म्हणजे तपासणीची सुरुवात, असं माझं ठाम मत आहे. अनेकांची तपासणी मात्र तिथेच संपते. खरं कसब रेटिनोस्कोप धरणाऱ्या हातात असतं. अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून बाहुलीत प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि आतून परतणारी लालसर झाक पट्टीबरोबर सरकते की उलट, ते पाहायचं. भिंगं बदलत गेलं, की एका क्षणी झाक सरकायची थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते. तपासणारा दोन तृतीयांश मीटरवर बसलेला असतो, म्हणून आलेल्या आकड्यातून दीड वजा करायचा, की नंबर मिळाला. ज्याला बोलता येत नाही अशा बाळाचाही नंबर या रीतीने निघतो.

मग डोळ्यांवर ट्रायल फ्रेम चढते, पाव-पाव नंबरची भिंगं बदलतात आणि ‘आता बरं की आधी बरं?’ सुरू होतं. लाल-हिरव्या पाट्या दाखवण्यामागेही कारण असतं. डोळ्यात हिरवा प्रकाश लाल प्रकाशाच्या अलीकडे एकवटतो. म्हणून मायनस जास्त झाला, की हिरव्यावरची अक्षरं अधिक काळीभोर दिसतात. मुलांच्या बाबतीत हा धोका मोठा. त्यांच्या डोळ्यातलं भिंग ताण घेऊन जादा मायनसही पचवतं आणि नको तेवढा नंबर डोळ्यांवर चढतो.

नंबर बरोबर असला, तरी चष्मा चुकू शकतो. सहा नंबरच्या भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून पाच मिलिमीटर सरकला, तर तीन डायॉप्टरचा प्रिझम डोळ्यावर लादला जातो आणि डोकं दुखतं. चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्ह भिंगांना तर भूमितीचीच मर्यादा आहे. मिन्कविट्झ यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलं, की मधल्या पट्ट्यात वरून खाली नंबर ज्या गतीने वाढतो, त्याच्या दुप्पट गतीने बाजूंना सिलिंडरचा दोष वाढतो. कोणत्याही कंपनीला ही बाजूची धूसरता नाहीशी करता येत नाही. ती कुठे ढकलायची, एवढंच ठरवता येतं.

प्लास्टिकचं भिंग आता स्वस्तात घडतं. कमतरता आहे ती नीट मापण्याची, आणि मला वाटतं, नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या रमेश रास्कर यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या त्यांच्या गटाने २०१० मध्ये ‘नेत्र’ हे नंबर मोजायचं उपकरण मांडलं. डोळ्याचा दोष मोजणाऱ्या मोठ्या यंत्रात लेसरचा ठिपका डोळ्यात सोडून परतलेल्या प्रकाशाचा वाकडेपणा बारीक भिंगांच्या जाळीने मोजतात. रास्कर यांच्या गटाने दिशा उलटी केली. फोनच्या पडद्यावर, तेव्हा दोन डॉलरच्या आसपास किमतीचं, छोटं उपकरण लावायचं आणि आत डोकावायचं. बाहुलीच्या दोन वेगळ्या जागांतून शिरणाऱ्या दोन रेषा निर्दोष डोळ्यात एकावर एक पडतात, दोष असला तर दुभंगतात. बटणं दाबून त्या जुळवायच्या. किती सरकवाव्या लागल्या, त्यावरून नंबर ठरतो. वेगवेगळ्या कोनांत हेच केलं, की सिलिंडर आणि ॲक्सिसही मिळतात. मोजायचं काम रुग्णाच्याच हाती येतं.

मीडिया लॅबचा धागा हैदराबादेतही पोहोचला. इथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या लॅबच्या सहकार्याने ‘सृजना’ हे नवनिर्मिती केंद्र उभं राहिलं. याच संस्थेने १९९६ ते २००० या काळात हैदराबाद आणि आदिलाबादसह चार जिल्ह्यांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले. नजर अधू होण्याची मुख्य कारणं निघाली मोतीबिंदू आणि न मिळालेला चष्मा. संस्थेचं पहिलं ग्रामीण केंद्र मुधोळला, नांदेडच्या सीमेला लागून आहे आणि त्याला भोसले गोपाळराव पटेल यांचं नाव आहे. त्याखालच्या गावपातळीवरच्या दृष्टी केंद्रांकडे प्रत्येकी सुमारे ५० हजार वस्ती असते. आसपासच्याच गावांतल्या मुलामुलींना वर्षभर शिकवून तिथे नेमतात, आणि रेटिनोस्कोप त्यांच्याच हातात असतो.

‘नेत्र’सारख्या उपकरणांची अडचण अशी, की ती जवळून पाहायची असतात. लहान मूल जवळ पाहताना नकळत ताण घेतं आणि आकडा फसतो. त्यासाठी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ताण सैल करावा लागतो, थोडा वेळ थांबावं लागतं आणि मग कुणीतरी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची पट्टी घेऊन समोर बसावं लागतं.