कृत्रिम जानुसंधीची गती आणि वैद्यांचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी जानुसंधीची गणना कोरसंधीत केली आहे. बिजागरीसारखी उघडझाप हे त्याचे प्रधान कर्म होय. तथापि निसर्गदत्त गुडघा केवळ मिटत नाही. तो वाकताना मांडीचे हाड नडगीवर मागे घरंगळते, बाहेरील बाजू अधिक सरकते आणि नडगी किंचित आत वळते.

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० व २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या आणि सांधेबदल घरोघरी ठाऊक झाला. २०१७ साली शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. रत्नागिरीतही असे रुग्ण आता आपल्याकडे अभ्यंग-स्वेदनासाठी येतात. म्हणून या सांध्याची गती आपणांस ठाऊक हवी.

या शस्त्रक्रियेत सांध्यातील पुढचा बंध बहुधा काढला जातो. मागचा बंध काही रचनांत राखतात, तर काहींत त्याचे कार्य प्लास्टिकच्या खुंटीवर सोपवतात. क्ष-किरणांच्या चलच्चित्रांत असे आढळले आहे की, बंध राखलेल्या काही गुडघ्यांत वाकताना मांडीचे हाड मागे जाण्याऐवजी पुढे सरकते. परिणामी वाकण्यास मर्यादा पडते.

सपाटीवर चालण्यास सुमारे ६० ते ७० अंश, जिना वा पाखाडी चढण्या-उतरण्यास ८० ते ९०, खुर्चीतून उठण्यास ९० हून थोडे अधिक वाकणे पुरते. कृत्रिम गुडघा सर्वसाधारणपणे ११० ते १२० अंश वाकतो. पाटावर मांडी घालणे, विळीवर बसणे, उकिडवे बसणे यांस त्याहून अधिक वाकावे लागते. ही उणीव पुष्कळदा रचनेची असते. तिला वातजन्य स्तंभ समजून तैल लावून गुडघा बळाने दुमडू नये.

व्रण पूर्ण रुजेपर्यंत त्यावर तैल नको. छेदाच्या बाहेरील बाजूस त्वचा बधिर राहू शकते. अशा ठिकाणी स्वेदनाचा दाह रुग्णास कळत नाही व पोळण्याचे भय असते. पोटरी सुजून दुखत असल्यास मर्दन वर्ज्य. ज्वर, लाली किंवा व्रणातून स्राव दिसल्यास रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. औषधालयचालकांनीही तैल देण्यापूर्वी शस्त्रक्रिया कधी झाली व रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे काय, हे अवश्य विचारावे.

मांडीच्या स्नायूंचे बल वाढविणे, स्थौल्य कमी करणे आणि उंच आसनाची सवय लावणे, हे आपले खरे कार्यक्षेत्र आहे. रुग्णाला पुन्हा पाटावर बसविण्याच्या आग्रहापेक्षा तो निर्धास्तपणे पाखाडी उतरेल याची काळजी घेणे अधिक श्रेयस्कर होय.