टर्बो पेट्रोल गाडी नेमकी ओव्हरटेकच्या वेळीच का अडखळते?

सोयाबीन निघायला लागलं की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मध्ये दुभाजक नाही. ट्रॉलीमागे अडकलेल्या गाडीला पुढे जायचं तर समोरून येणाऱ्यांच्या बाजूत शिरावंच लागतं. रस्ता मोकळा दिसतो, चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी काही उचलत नाही. एक-दीड सेकंद तशीच जाते आणि मग एकदम झटका देऊन सुटते.

हाच तो टर्बो लॅग. ऐकायला दीड सेकंद म्हणजे काहीच नाही. पण ओव्हरटेक करणारी गाडी 50 च्या वेगात आहे आणि समोरून 80 ने बस येतेय असं धरलं, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला 36 मीटरने कमी होतं. म्हणजे इंजिन जागं होईपर्यंत 54 मीटर रस्ता गेलेला असतो. बसचा अंदाज बरोबर असतो, आपल्याच गाडीचा चुकतो.

असं का होतं? टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरतं, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद निघते. पण हे चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांपर्यंत न्यायचं तर वायूचा जोर हवा, वायूचा जोर यायला इंजिनात जास्त पेट्रोल जळायला हवं आणि त्यासाठी आधी जास्त हवा हवी. ती हवा देणार कोण? टर्बोच. या चक्राला वेग यायला जो वेळ लागतो, तोच लॅग.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात टॉर्कच्या पुढे आरपीएम लिहिलेला असतो. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही 3एक्सओच्या 1.2 लिटर टर्बो पेट्रोलला 200 एनएम टॉर्क 1500 ते 3500 आरपीएममध्ये मिळतो. 2017 मध्ये आलेल्या, रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनाचा 170 एनएम टॉर्क 1750 च्या पुढे. हे आकडे पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, इंजिन एका वेगावर स्थिर ठेवून मोजलेले असतात. म्हणजे कोणत्या आरपीएमच्या खाली टर्बोकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, एवढंच ते सांगतात. पाय दाबल्यापासून ताकद चाकापर्यंत यायला किती वेळ लागेल, हे त्यात कुठेच नसतं. ते टेस्ट ड्राइव्हलाच कळतं, आणि तीही शोरूमभोवतीच्या एका फेरीत नाही.

मग अशी इंजिनं एवढी का वाढली? मोठा वाटा कराचा. 4 मीटरच्या आतली गाडी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, हा हिशोब 2006 च्या अर्थसंकल्पापासून चालत आलाय. सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलानंतरही अशा गाडीला 18 टक्के आणि त्याहून मोठ्या पेट्रोल गाडीला 40 टक्के कर आहे. त्यात 2020 च्या बीएस6 नियमांनी छोटी डिझेल इंजिनं महाग केली. मग छोट्या पेट्रोल इंजिनाला टर्बो लावणं हा सोपा मार्ग उरला.

लॅग कमी करायला कंपन्यांनी बरंच काही केलंय. चाक जितकं छोटं आणि हलकं, तितकं ते लवकर फिरतं, म्हणून टर्बो छोटे झाले. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन, व्हर्टस आणि स्कोडाच्या कुशाक, स्लाव्हियामधल्या 1.0 लिटर टीएसआय इंजिनात गरम वायूची वाट सिलिंडर हेडमध्येच बनवलीय, म्हणजे वायू फार थंड न होता टर्बोवर आदळतो. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही पाण्यावर चालणारा आणि थेट इंजिनच्या हवेच्या वाटेत बसवलेला, त्यामुळे दाबाने भरायची नळीच आखूड झाली. मारुती फ्रॉन्क्सच्या टर्बो इंजिनाला छोटी इलेक्ट्रिक मोटर जोडलीय, ती टर्बो जागा होईपर्यंत थोडा हात देते. टर्बाइनची पाती हलवून वायूचा जोर वाढवायची युक्तीही आहे, पण डिझेलपेक्षा पेट्रोलचा वायू जास्त तापतो आणि तो सोसणारी पाती महाग पडतात, म्हणून स्वस्त पेट्रोल गाड्यांत ती दिसत नाही.

तरी सगळ्यात मोठा फरक अजूनही चालकाच्या डाव्या हातात आहे. ट्रॉलीमागे 45 च्या वेगात पाचव्या गियरमध्ये इंजिन साधारण 1300-1400 वर असतं. तिथून पाय दाबला तर लॅग मिळणारच. तिसरा गियर टाकला की तेच इंजिन 2200 च्या पुढे जातं आणि वायूचा प्रवाह तयार असतो. गियर खाली घ्यायचा तो ट्रॉलीच्या मागे असतानाच. उजवीकडे शिरल्यावर टाकला तर उशीर झालेला असतो. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड करतो. मायलेजसाठी वरचा गियर ठेवायचा आणि त्यातच पाय जमिनीला टेकवायचा, ही सवय तर इंजिनाच्याही मुळावर येते. टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमवर जास्त भार पडला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनला मार बसतो.

ऑनलाइन मिळणारे 'थ्रॉटल कंट्रोलर' मात्र टर्बोला हातही लावत नाहीत. अर्धा दाबलेला पेडल ते गाडीला पूर्ण दाबलाय असं सांगतात, बस. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आवाजाचा. रीमॅपने ताकद वाढते, थोडा प्रतिसादही सुधारतो, पण इंजिनाची वॉरंटी जाऊ शकते आणि ताण वाढतो तो वेगळा.

उन्हाळ्यात गाडी आणखी जड वाटते, तो भास नाही. 43 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी विरळ असते, वर एसीचा भार. हिवाळ्यातही लॅग अचानक वाढला असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या रबरी नळ्या बघाव्यात. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. आणि नळीचा क्लॅम्प ढिला असेल तर टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर निघून जाते.