लोहगावचे बॉम्बर, पनवेलची धावपट्टी

११ ऑक्टोबर २०२४ रोजी पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाच्या ३,७०० मीटर लांब धावपट्टीवर विमान उतरले, ते प्रवासी विमान नव्हते. हवाई दलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान होते, आणि त्याच कार्यक्रमात सुखोई-३० धावपट्टीवरून झेपावत गेले. लोकांच्या लक्षात राहिली ती मालवाहू विमानाला दिलेली पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. मला मात्र सुखोईबद्दल लिहायचे आहे. दूरवर जाऊन मारा करण्याचे जे काम एकेकाळी बॉम्बर विमानांचे होते, ते आपल्याकडे आज मुख्यतः या लढाऊ विमानाच्या खांद्यावर आहे. हे स्थित्यंतर समजून घ्यायला दूर जावे लागत नाही. ते बरेचसे पुणे, गोवा आणि नाशिक या त्रिकोणातच घडले.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला मिळालेले पहिले जड बॉम्बर दुसऱ्या महायुद्धातले होते. कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि १९४८ मध्ये त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे यांतली काही विमाने पुण्याहून अरबी समुद्रावर टेहळणीला जात. १९५७ पासून ब्रिटिश बनावटीची कॅनबेरा जेट बॉम्बर येऊ लागली आणि पुण्याचे लोहगाव हा त्यांचा एक मुख्य तळ झाला.

१८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीच्या कारवाईत सकाळी लोहगावहून बारा कॅनबेरा उडाली. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचे, लक्ष्य दाबोळीची धावपट्टी. काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टन बॉम्ब पडले. पाठोपाठ आठ कॅनबेरांची दुसरी फळी आली. हवाई कारवाईचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांचा हुकूम स्पष्ट होता: धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना धक्का लावू नका. विमानतळ उद्या आपल्यालाच वापरायचा आहे, हा त्यामागचा हिशेब. तो खरा ठरला. दाबोळी आजही गोव्याचा चालता विमानतळ आहे.

पण त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा कामापुरता नीट केला आणि त्यावरून एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४ अशी दोन विमाने अंधारात कराचीकडे निसटली. बॉम्बने पडलेला खड्डा मुरूम-खडी टाकून बुजवता येतो. विमानाला पूर्ण लांबीही लागत नाही. वजन कमी केले की थोड्या धावेत ते उडते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनाही हाच अनुभव आला. असेन्शन बेटावरून निघालेल्या व्हल्कन बॉम्बरने जवळजवळ सोळा तासांची मोहीम केली, त्यासाठी हवेत इंधन देणाऱ्या विमानांचा ताफा राबला, एकवीस बॉम्ब टाकले, आणि पोर्ट स्टॅन्लेच्या धावपट्टीवर पडला तो एकच. तरीही अर्जेंटिनाची हर्क्युलिस विमाने तिथे उतरत राहिली.

१९७१ मध्ये कॅनबेरांनी रात्रीच्या काळोखात पाकिस्तानच्या तळांवर मारा केला. पण जमिनीवरून सुटणारी क्षेपणास्त्रे जसजशी तिखट होत गेली, तसतसे लक्ष्याच्या थेट डोक्यावर जाऊन बॉम्ब टाकणे जिवावरचे काम होत गेले. ११ मे २००७ रोजी कॅनबेरा निवृत्त झाले, तेव्हा त्याच्या जागी दुसरे बॉम्बर आले नाही.

त्याचे काम ज्याच्याकडे आले ते सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये लोहगावलाच दाखल झाले आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधले जाऊ लागले. ब्रह्मोस हे अडीच टनांचे क्षेपणास्त्र त्याच्या पोटाखाली टांगायचे, तर सांगाडा मजबूत करणे भाग होते. हे कामही ओझरला झाले आणि जून २०१६ मध्ये असे सुखोई ब्रह्मोस घेऊन तिथूनच उडाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावर पहिली चाचणी झाली. क्षेपणास्त्र आधी विमानापासून सुटून नुसते खाली पडते, पुरेसे अंतर पडल्यावर त्याचे इंजिन पेटते, आणि मग ते ध्वनीच्या दुप्पटीहून अधिक वेगाने लक्ष्याकडे निघते. वैमानिकाला शेकडो किलोमीटर अलीकडूनच परतता येते. दाबोळीवर कॅनबेराला लक्ष्याच्या माथ्यावर जावे लागले होते. ती गरज इथे संपली.

मग मोठ्या बॉम्बरांचे युग सरले का? नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेची सात बी-२ मिसुरीहून निघून, हवेत अनेकदा इंधन घेत, इराणच्या भूगर्भातल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकून परतली. १९५२ मध्ये प्रथम उडालेले बी-५२ नव्या इंजिनांसह आणखी काही दशके चालवायचा त्यांचा बेत आहे. पण त्याच जून २०२५ च्या पहिल्या तारखेला युक्रेनने ट्रकमधून सोडलेल्या ड्रोननी रशियाचे टीयू-९५ बॉम्बर तळावर उभे असतानाच जाळले. अशी विमाने थोडी, महाग, आणि लपवायला अवघड. त्यातले प्रत्येक गमावणे राष्ट्राला जड जाते.

भारताने असे महाकाय बॉम्बर घ्यावेत, ही सूचना अधूनमधून वर येते. मला ती पटत नाही. आपले प्रतिस्पर्धी शेजारी आहेत, महासागरापलीकडे नाहीत. सुखोई आणि ब्रह्मोस ही जोडी त्यांच्यासाठी पुरेशी आहे. उणीव आहे ती हवेत इंधन देणाऱ्या विमानांची. २००३ पासून आपण घेतलेली इल्युशिन-७८ अवघी सहा, आणि या खंडप्राय देशाला ती फार अपुरी आहेत. बॉम्बरसाठी जो पैसा मागितला जातो, तो आधी टँकर विमानांवर, तळांवरच्या पक्क्या निवाऱ्यांवर आणि ड्रोनपासूनच्या बचावावर खर्च व्हावा.