दुखणं हृदयाचं, मग किडनी का बिघडते?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. अशा रुग्णाच्या रिपोर्टमध्ये अनेकदा क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि घरचे गोंधळतात.

निरोगी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं. त्यातलं जवळपास लिटरभर एकट्या किडन्यांकडे जातं. पंप मंदावला की हा पुरवठा घटतो. किडनीला वाटतं, शरीरातलं पाणीच कमी झालंय. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. जुलाब लागले असते तर हे कामी आलं असतं. इथे मात्र दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पुढे न गेलेलं रक्त मागे शिरांमध्ये तुंबतं. पायावरची सूज त्यातूनच येते. तोच दाब किडनीच्या शिरांवरही येतो आणि रक्त गाळण्याचं काम मंदावतं. नाली तुंबली की मोरीत पाणी साचतं, तसंच. डॉक्टर याला ‘कार्डिओरीनल सिंड्रोम’ म्हणतात.

म्हणून ‘किडनीसाठी भरपूर पाणी प्या’ हा सल्ला इथे अंगाशी येऊ शकतो. लघवीच्या गोळीने किडनी जाते, ही भीतीही अशीच. हृदयाची काही औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. पण परस्पर गोळी सोडली तर पाणी पुन्हा साचतं. मात्र उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाने अंगातलं पाणी गेलं, तर डोस बदलावा लागू शकतो. ते डॉक्टरांना विचारूनच.

खरी अडचण तपासणीत सातत्य ठेवण्याची आहे. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनीच परततात. तेवढ्या काळात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम कोण तपासणार? त्यात फडावर कंबर धरली की अंगदुखीची गोळी घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, शरीरात मीठ-पाणी साठवतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्या टाळायलाच हव्यात.

जाताना जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात वजन करून घ्या. 3 दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं, लघवी कमी झाली किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर मुकादमाला सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठा.