मित्रासमवेत दोन दिवस नागपुरास

आम्हा यवतमाळकरांना नागपूर म्हणजे दवाखाना, कचेरी, नाही तर खरेदी. सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता; काम उरकले की परतीची मोटार गाठावयाची. केवळ सहवासासाठी शहरात जाणे ही गोष्ट निराळी, आणि तिची रीतही निराळी.

माझ्या बालमित्राची दृष्टी मंदावत चालली आहे. मागे एका शनिवारी वाटेत कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेऊन आम्ही दोघे नागपुरास गेलो. पाहावयाच्या स्थळांची यादी लांब होती. पाहिला तो १८६३ साली स्थापन झालेला अजब बंगला. शाळेच्या सहलीत मुलांना मी तेथून अर्ध्या तासात हाकीत नेले होते. या खेपेस मूर्ती, शिलालेख यांखालची माहिती मी मोठ्याने वाची, तो शंका विचारी, आणि उत्तरासाठी मला पुन्हा निरखून पाहावे लागे. सबंध दुपार गेली. रविवारी फुटाळा तलावाच्या काठी नुसते बसलो.

तेव्हा मित्रासवे निघताना यादी अर्धी करावी. दोघांत ज्याची चाल मंद, तीच प्रवासाची चाल मानावी. आणि असा प्रवास पुढील वर्षावर ढकलू नये. आम्ही ढकलीत राहिलो. तोवर त्याचे निम्मे पाहणे सरले होते.